श्रावणातली पाभर

फोटो आले त्या दिवशी धुडकू गटाराच्या जाळीवर होता.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये त्यानं सत्तावीस वर्षं काढली, त्यातली पंचवीस जेट मशीनवर. मशीनचं तोंड उघडायचं, वाफेचा लोट अंगावर घ्यायचा आणि उकळत्या पाण्यातून निघालेला कापडाचा दोर दोन्ही हातांनी ओढून ट्रॉलीत भरायचा. कधी आठ तास, कधी बारा. गेल्या साली त्याला खोकला लागला तो सुटेचना. डॉक्टर म्हणाला, वाफेपासून लांब राहा. धुडकूनं ही गोष्ट साधेपणानं ठेकेदाराला सांगितली आणि तिथंच चुकला. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याला मशीनवरून उचलून मागच्या गटारावर लावलं. जाळीत कापडाचा लगदा अडकतो, तो सळईनं ओढून टोपलीत भरायचा. ज्यांना त्यानं मशीन शिकवली ते बिहारचे तरणे गडी येता-जाता विचारायचे, ‘चाचा, मछली मिली क्या?’ धुडकू हसायचा. न हसून काय करतो?

दिवाळीनंतर तेही काम राहणार नाही, असं ठेकेदारानं सांगून ठेवलेलं. रागानं नाही, चहा पाजून सांगितलं.

संध्याकाळी तो डिंडोलीला घरी आला तेव्हा त्याची बायको प्रमिलाबाई भिंतीला टेकून साड्यांचे धागे कापत बसली होती. तिच्याभोवती साड्यांचा ढीग, आणि बोटांत लहान कातर. ही कातर तिच्या हातातून फक्त भाकरी थापताना सुटायची. पोरगी हर्षदा मोबाइलवर कुणाशी तरी गुजरातीत बोलत होती. ती पर्वत पाटियाजवळ एका साडीच्या दुकानात बिलं करायची. बापाला बघून तिनं फोन ठेवला आणि एक मोठं पुठ्ठ्याचं पाकीट त्याच्यापुढं धरलं.

“पप्पा, आले तुमचे फोटो. पुण्याहून.”

धुडकूनं आधी हात धुतले. धुतले म्हणजे पाण्याखाली धरले. पंचवीस वर्षांचा रंग नखांच्या मुळात बसलेला, तो काही धुऊन जात नव्हता. मग टॉवेलला हात पुसून त्यानं पाकीट उघडलं.

त्या फोटोंची गोष्ट अशी. धुडकूचं गाव निमखेडं, शिंदखेडा तालुक्यात. तिथं एक पुण्याचा फोटोवाला साहेब यायचा. चार-सहा वर्षांनी एकदा, पण नेमानं, तेच गाव, तीच माणसं, त्याच जागी उभी करून फोटो काढायचा. फोटो सगळे काळे-पांढरे. लोक विचारायचे, साहेब, रंगीत का नाही काढत, आम्ही काय मेलोय का? साहेब हसायचा. तो यायचा श्रावणातच. काळ्या-पांढऱ्यात श्रावणाचे ढग चांगले येतात म्हणायचा. धुडकूही श्रावणातच गावी जायचा, कानबाईच्या सणाला. खान्देशातला माणूस सुरतेत असो की लंडनला, कानबाईचे रोट खायला भाऊबंदांत जातोच. म्हणून साहेबाची आणि त्याची गाठ चार वेळा पडली. चारही वेळा साहेबानं त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला, शालिग्रामला, वावरात उभं केलं. हर्षदानं त्या साहेबाला मोबाइलवर हुडकून काढलं, चार दिवस पाठपुरावा केला, आणि आता ते चार फोटो थाळीएवढ्या जाड कागदावर छापून आले होते.

धुडकूनं ते चार फोटो साड्यांच्या ढिगावर ओळीनं मांडले. पहिल्यात तो चोवीस वर्षांचा, मिशी काळीभोर. शेवटच्यात गाल बसलेले. चारही फोटोंत त्यानं पाभर धरलेली. तीन दात्यांची, बी पेरायची, बापाच्या हातची पाभर. फोटोंच्या मागं साहेबानं पेन्सिलीनं साल लिहिलं होतं आणि खाली दोन शब्द, ‘शेतकरी, पेरणी.’

“पाह्य,” तो प्रमिलाबाईला म्हणाला. “पुण्याच्या माणसानं लिहिलंय. पेरणी.”

प्रमिलाबाईनं मान वर केली, पाहिलं. “हात पाहा तुमचे,” ती म्हणाली. “मनगटापर्यंत माती.”

माती नव्हती ती. मिलमधला लाल-जांभळा रंग होता. पण काळ्या-पांढऱ्यात तो मातीसारखाच काळा आला होता, वावरातून आत्ताच हात काढावेत तसा. धुडकूला हे ठाऊक होतं. त्याला ते हात आवडले.

आता ह्या फोटोंची एवढी निकड का, तेही सांगतो. निमखेड्याला बापाच्या नावचं पाच एकर वावर होतं, नाल्याच्या काठाला. बाप गेल्यावर दोघा भावांची नावं लागली. धुडकू सुरतेला, शालिग्राम गावात. दरसाल शालिग्राम पिकवायचा, धुडकूला थोडी ज्वारी, थोडी तूर यायची, कुणाचीच तक्रार नव्हती. पण होळीला धुडकूनं फोनवर सांगितलं की दिवाळीनंतर मी गावी येतो, माझं अडीच एकर मी करतो. मग आठ दिवसांनी निरोप आला, धुडकूनं हक्कसोड लिहून द्यावी. ज्यानं तीस वर्षं मातीला हात लावला नाही त्याचा वाटा कसला?

कायदा अर्धं देतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धुडकूलाही होतं. पण कायद्यानं घेतलेल्या वावरात शेजारचा पाणी देत नाही, औताला कुणी बैल देत नाही, आणि मेल्यावर खांद्याला कुणी येत नाही. त्याला अडीच एकरांपेक्षा भाऊबंदांचा होकार पाहिजे होता. म्हातारपण कुठं काढायचं, एवढाच प्रश्न होता. डिंडोलीतली खोली भाड्याची. छाती अशी. वावर नाही तर काय, जाळीवरची सळईसुद्धा दिवाळीपर्यंतच.

म्हणून बैठक ठरली. आता भाऊबंदकीची बैठक गावात व्हायला हवी, पण गावात राहिलंय कोण? निमखेड्याची भाऊबंदकी सगळी डिंडोलीत. कुणी लूमवर, कुणी रिक्षावर. तेव्हा शालिग्रामनंच सुरतेला यावं असं ठरलं, आषाढातल्या एका रविवारी.

मधले दिवस धुडकूनं कसे काढले विचारू नका. जाळीवर उभा राहून तो मनात बोलायचा. सळई लगद्यात खुपसायची, ओढायची, आणि म्हणायचं, हे बघा साल, हे बघा साहेबाचं अक्षर. गटारातून त्या दिवशीच्या साड्यांचा रंग वाहायचा, सकाळी पिवळा, दुपारी हिरवा. खोकला आला की तो सळई धरून वाकायचा आणि ढास थांबेपर्यंत तसाच राहायचा. मुकादम लांबून बघायचा. बघतोय हे दिसलं की धुडकू लवकर सरळ व्हायचा.

रविवारी सकाळी तो उधन्याला स्टेशनवर गेला. भुसावळकडून आलेल्या गाडीतून शालिग्राम उतरला तो वहिनीचा हात धरून. पार्वतीवहिनी येईल असं धुडकूला वाटलं नव्हतं. पण शालिग्रामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्याला पायरी दिसत नव्हती. बाई पुढं, तो मागं. वहिनीच्या डोक्यावर एक पिशवी, त्यात तूर. ती खाली उतरली आणि धुडकूनं पाहिलं, ती उभी राहिली तरी उभी नव्हती. कंबरेतून पुढं गेलेली, जमिनीवर काही पडलंय नि ते उचलायचंय अशी.

“कसा शे, भाऊ?” तिनं विचारलं.

“बरा शे, वहिनी.”

रिक्षात तिघं बसले, वहिनी मधे. रस्त्यानं धुडकूनं दोन-तीनदा पाऊसपाण्याचं काढलं. वहिनीच उत्तर देत होती. पाऊस बरा शे. गवत फार झालंय. निंदायला बाई मिळत नाही, सगळ्या सुरतेला नाहीतर नाशिकला.

दुपारी बैठक बसली. प्रमिलाबाईनं साड्यांचे ढीग कोपऱ्यात सारले, सतरंजी टाकली. नऊ-दहा माणसं झाली, काही दाराबाहेर चपलांवरच बसली. भाऊबंदांत सगळ्यात मोठे बाबुराव. चाळीस वर्षं लूमवर काढलेले, कानानं कमी ऐकणारे, म्हणून सगळे मोठ्यानं बोलत होते. दाराशी वाल्मिक बसला होता, चुलतभाऊ, रिक्षावाला. बैठकीत तोंडाला कुलूप लावणारा माणूस तो नव्हे.

शालिग्रामनं आपलं म्हणणं सांगितलं. हा सत्तावीस वर्षांपूर्वी गेला. बैल कुणी राखले? बांध कुणी घातले? दुष्काळात टँकरच्या मागं कोण पळालं? हा येतो कानबाईला, रोट खातो, तिसऱ्या दिवशी गाडी धरतो. मी म्हणतो, लिहून दे नि मोकळा हो. तो हे भांडून बोलत नव्हता. थकून बोलत होता, आणि त्यामुळं सगळ्यांना पटत होतं.

बाबुरावांनी धुडकूकडं पाहिलं. “तुन्हं काय म्हननं शे?”

धुडकूनं पाकीट उघडलं. चारही फोटो त्यानं बाबुरावांच्या मांडीवर ठेवले. पाठ केलेलं होतं, ते निघालं. हे बघा साल. हे पुण्याच्या साहेबानं काढलेत, माझ्या सांगण्यावरून नाही. हे त्याचं अक्षर. पेरणी लिहिलंय. मी वावरात नव्हतो तर हा कोण? आणि हात बघा. मनगटापर्यंत माती बघा.

फोटो एका हातातून दुसऱ्या हातात गेले. माणसं खरंच हरखली. अरे, हा नाला. अरे, हे चिंचेचं झाड, ते पडलं ना नंतर. बाहेर बसलेल्यांनी आत माना घातल्या. दोघातिघांनी धुडकूकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं, आणि धुडकूचा ऊर जरा भरून आला. होळीपासून पहिल्यांदा.

मग फोटो दाराशी वाल्मिककडं गेला. त्यानं तो उजेडाला धरला. पाहिला. पुन्हा पाहिला. आणि तो हसायला लागला, अगदी हळू, पोटातल्या पोटात.

“धुडकूभाऊ,” तो म्हणाला, “सरावनमा पाभर कोन धरस रे?”

क्षणभर कुणाला कळलं नाही. वाल्मिकनं फोटोवर बोट ठेवलं. धुडकूच्या मागं कपाशी होती. गुडघाभर, फुलावर आलेली, नालाकाठापर्यंत ओळीच ओळी. पेरून दोन महिने झालेल्या पिकात हा पाभर धरून उभा.

“आनि कपाशी पाभरवर पेरी का तू?” वाल्मिक म्हणाला. “बियानं कोनतं व्हतं भाऊ, माले बी सांग.”

हसू फुटलं ते आवरेना. ही सगळी माणसं वीस-तीस वर्षं सुरतेत राहिलेली, कुणाच्या घरात आता पाभर नव्हती. पण पेरणी मृगात होते, कपाशी पाभरीनं नाही तर हातानं लावतात, हे काय सुरतेत विसरतं? बी सोडायचं चाडं रिकामं आहे, म्हणाला एक. दोर नवा करकरीत आहे, म्हणाला दुसरा. बाबुरावांना ऐकू आलं नाही, त्यांनी विचारलं काय झालं, मग वाल्मिकनं त्यांच्या कानाशी पुन्हा मोठ्यानं सांगितलं, आणि सगळे दुसऱ्यांदा हसले.

धुडकूचे कान तापले. महिनाभर त्यानं ते फोटो रोज पाहिले होते. पण माणूस फोटोत आधी स्वतःलाच बघतो. त्यानं आपली मिशी पाहिली, आपले हात पाहिले. मागं कपाशी होती हे त्याला आत्ता दिसत होतं. आणि आठवतही होतं सगळं. साहेब म्हणाला होता, हातात काहीतरी घ्या, अवजार असं काही, नुसते उभे नका राहू. तेव्हा गोठ्यातल्या आढ्यावरून ही पाभर काढली, जळमटं झटकली, आणि वावरात नेली. चारही वेळा तेच. साहेबाला काय माहीत पाभर कधी लागते? ह्याला माहीत होतं. तरी हा धरून उभा राहिला.

“माती नव्हती ती,” धुडकू म्हणाला. हसणं चालू होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, “हातले माती नव्हती. मिलना रंग व्हता.”

मग हसणं थांबलं. त्यानं आपले दोन्ही हात पुढं करून दाखवले आणि परत मांडीखाली घेतले. मिल सुटते, छाती गेली, जायला दुसरी जागा नाही, म्हणून हे केलं, असं त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. पाभर मी नुसती धरली होती.

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. शालिग्रामनं हात पुढं केला. “दे इकडे,” तो म्हणाला. फोटो त्यानं नाकाशी नेला, लांब धरला, पण डोळ्यांवर साय. त्यानं बायकोकडं दिला. “तू पाह्य. मी काय करी राह्यनू त्यामा?”

पार्वतीवहिनी आतल्या दाराच्या चौकटीत बसली होती. तिनं पदराला हात पुसले आणि फोटो घेतला. बाई निवांत बघत बसली. घाई नाही. मग दुसरा मागितला. मग तिसरा. चारही फोटो तिनं पुढ्यात मांडले, प्रमिलाबाई साड्या मांडते तसे.

“तुम्ही कासरा धरेल शे,” ती नवऱ्याला म्हणाली. “ह्या तीनमा. चौथामा बैल नहीत, कंबरवर हात शे.”

“मंग?”

“मंग काही नही. उभा शेत तुम्ही.”

मग तिनं बोट कोपऱ्यात नेलं, खाली डाव्या बाजूला. तिथं कपाशीच्या ओळीत काहीतरी काळं होतं, अंगठ्याएवढं. ढेकूळ म्हणावं तर ढेकूळ. लुगडं हिरवं होतं की जांभळं कोण सांगणार, ते मातीच्याच रंगाचं आलेलं.

“हाई मी शे,” ती म्हणाली.

बाबुराव पुढं झुकले. वाल्मिक उठून आला. होती खरी. पहिल्या फोटोत होती, दुसऱ्यात होती, चारही फोटोंत होती. प्रत्येकात वाकलेली, हातात खुरपं, तोंड जमिनीकडं. पहिल्यात पाठ उताराच्या छपरासारखी. शेवटच्यात पार दुमडलेली. तोंड एकातही नाही.

“तो साहेब माले कधी ऊठ नही म्हनना,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, आठवून. “माले वाटे, आते म्हनी, मंग म्हनी. मी निंदत राहू.”

शालिग्राम भिंतीकडं बघत होता. आत्ता थोड्या वेळापूर्वी त्यानं जे-जे सांगितलं होतं, बैल, बांध, टँकर, ते सगळं खोलीतच कुठंतरी पडून होतं आणि कुणीच ते उचलत नव्हतं. धुडकूनं वहिनीपुढचे फोटो पाहिले. तोही फोटोत उभाच होता.

वहिनीनं प्रमिलाबाईकडं हात केला. “तुन्ही कातर दे वं.”

प्रमिलाबाईनं धागे कापायची लहान कातर दिली. वहिनीनं पहिला फोटो उचलला. कागद जाड, कातर लहान, तिला जोर लावावा लागत होता. बाहेरच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. सगळी भाऊबंदकी बघत होती, आणि ती कोपरा कापत होती. एक झाला की दुसरा. चारही फोटोंतून तिनं आपल्यापुरता तुकडा काढला, कपाशीच्या दोन-दोन ओळींसकट. ते चार तुकडे तिनं एकावर एक ठेवले, कमरेच्या पिशवीत घातले, पिशवीची नाडी ओढली. उरलेले फोटो दोघा भावांच्या मधे सतरंजीवर सरकवले.

“हाई तुमनं,” ती म्हणाली. “आते भांडा.”

कोण भांडणार? बाबुरावांनी स्टँपपेपर पुढ्यात काढून ठेवला होता. तो त्यांनी उलटा केला, सुलटा केला, मग घडी घालून खिशात ठेवला. आज लिहिण्यासारखं काही नाही, म्हणाले. शालिग्रामला विचारलं, तो म्हणाला, हिलाच विचारा. असं तो पहिल्यांदाच म्हणत असावा, कारण म्हणून झाल्यावर त्यालाच अवघडल्यासारखं झालं. वहिनीनं एवढंच सांगितलं की कागदाचं दिवाळीला बघू, गवत काही दिवाळीपर्यंत थांबत नाही.

चहा झाला. माणसं एकेक करून उठली. वाल्मिकनं जाताना धुडकूच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी गंमत करणार होता, पण केली नाही. संध्याकाळी मी स्टेशनला सोडतो दोघांना, पैसे नको, एवढं बोलून तो गेला.

खोलीत घरचीच माणसं राहिली. सतरंजीवर कपबशा पडल्या होत्या, त्यांत ते चार कोपरे नसलेले फोटो. शालिग्राम तिथंच आडवा झाला, डोळ्यांवर हात घेऊन. धुडकू वहिनीजवळ जाऊन उकिडवा बसला.

“निंदणी कधी काढी?” त्यानं विचारलं.

“गुरुवारपासून.”

“बाया किती?”

“बाया कथ्या? मी एकली.”

धुडकूनं मनात हिशेब केला. जाळीवरून आठ दिवसांची सुट्टी मागितली तर ठेकेदार म्हणेल, परत येऊच नको. मग तसंच म्हणू दे. तो म्हणाला, “मी येस. तुमनासंगेच.”

वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या हातांकडं, छातीकडं, बसल्या-बसल्या लागलेल्या धापेकडं. घर आहे, भाकर आहे, ती म्हणाली, पण मजुरी मिळणार नाही, आणि पाच एकरांत गवत सारखंच आहे, तुझ्याकडचं वेगळं नाही नि माझ्याकडचं वेगळं नाही. मग तिनं विचारलं, “वाकता येस का आजून?”

धुडकू उठला. सतरंजीवरून त्यानं कपबशा गोळा करायला सुरुवात केली, कंबरेत वाकून, गुडघे न मोडता. चौथा कप उचलताना ढास आली. तो तसाच थांबला, एक हात भिंतीला, डोळ्यांतून पाणी. प्रमिलाबाई उठायला लागली तर वहिनीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. ढास गेली. त्यानं पाचवा कप उचलला, सहावा उचलला, लांब दाराशी वाल्मिकनं ठेवलेला सातवाही उचलला. मग भिंतीला धरून, हळूहळू, मणका मोजत मोजत सरळ झाला.

“येस,” तो म्हणाला.